विमानतळ ते उल्हासनगर, चिंचोके मोजत

गाडी नसलेल्या माणसाला विमानतळापासून तुमच्या गावापर्यंत तुम्ही आणू शकता का? "या की, विचारत विचारत सापडेल" असं नव्हे. कुठल्या दाराने बाहेर पडायचं, कुठली बस, कुठला फलाट, सगळं सांगून. मी छाती ठोकून हो म्हणाले होते. तेव्हा मी वीस वर्षांची होते. विमानं पाहिली होती, तीही वस्तीच्या पत्र्यांवरून जाणारी. विमानतळ कधीच पाहिला नव्हता.

आमच्या अंबरनाथच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. पप्पा एका कारखान्यात फिटर होते आणि कामावरून आल्यावर पत्रकं लिहीत. पाण्याची टंचाई, रेशन, रात्रशाळा, विहारातली व्याख्यानं, कशाचंही पत्रक. मी अक्षरं ओळखायला शिकले ती प्रेसमधून आलेल्या ओल्या कागदांवर. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ ठरलेली असे: 'येण्याचा मार्ग'. बारा वर्षांची झाल्यापासून ती ओळ माझी होती. "वक्ता कोण हे नाही कळलं तरी माणूस येईल," पप्पा म्हणायचे, "पण स्टेशनातून कुठल्या अंगाला उतरायचं ते कळलं नाही तर परत जाईल." मी त्या ओळीवर फार खूश असे. विषय पप्पांचा, रस्ता माझा.

त्या वर्षी विहाराच्या वरच्या खोलीत मुलींसाठी वाचनालय सुरू व्हायचं होतं. वस्तीतल्या बायकांनी दोन वर्षं खपून ते उभं केलेलं. उद्घाटनाला नागपूरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका येणार होत्या. वय सत्तर. त्यांच्या छोट्या पुस्तिका आम्ही विहारात मोठ्याने वाचून काढलेल्या. विमानाची तिकिटं नुकतीच आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली होती आणि बाईंच्या भाच्याने त्यांना विमानाचं तिकीट काढून दिलं होतं. गुडघे गेलेले, म्हणून कमोड हवा. आमच्या वस्तीत तो कुणाकडेच नव्हता. मग उल्हासनगरात स्टेशनापासून जवळ एका हॉटेलात खोली ठरली. तिथून विहारापर्यंत रिक्षा होती. प्रश्न उरला विमानतळ ते हॉटेल.

तो प्रश्न सोडवायला एक बिल्डर पुढे आला. एसी गाडी देतो म्हणाला, ड्रायव्हरसकट. बदल्यात काही नको, फक्त बॅनरवर बाईंच्या शेजारी त्याचा फोटो.

विहाराच्या समितीच्या रविवारच्या बैठकीत मी उठून उभी राहिले आणि बोलले. काय बोलले! बायकांनी विटा वाहिल्या तेव्हा हा कुठे होता, आज एका गाडीत बसवून अख्खं वाचनालय खिशात घालणार, उद्या मुली विचारतील हे कुणी बांधलं तर भिंतीवर याचं थोबाड. टाळ्या पडल्या. आमचे अध्यक्ष काका टाळ्या थांबेपर्यंत चष्मा पुसत होते.

"झालं?" ते म्हणाले. "आता सांग, बाई येणार कशा?"

"बस आणि रेल्वेने. मी मार्ग लिहून देते."

"पोरी, तत्त्वं तुझी आहेत. गुडघे बाईंचे आहेत."

सगळे हसले. मला रडू यायचं बाकी होतं. ठरलं असं, की पुढच्या रविवारपर्यंत मी सत्तरीच्या बाईला झेपेल असा रस्ता दाखवायचा. नाही जमलं तर गाडी घ्यायची, आणि फोटोही.

मी त्याच संध्याकाळी मार्ग लिहिला. विमानतळावरून विलेपार्ले, तिथून दादर, दादरला गाडी बदलून उल्हासनगर. नकाशात बघून, सुंदर अक्षरात. आत्याला दाखवला. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, एमआयडीसीत औषधाच्या बाटल्या पॅक करायची. तिने कागद लांब धरून वाचला.

"गेलीस का कधी विमानतळावर?"

"नाही, पण..."

"मग हे काय लिहिलंस? उद्या चंद्रावर यायचा मार्ग लिहिशील. शुक्रवारी मला सुट्टी आहे. जाऊ आपण. तुझ्या त्या बाई मी होते. माझेपण गुडघे काही वेगळे नाहीत."

अशी आमची रंगीत तालीम ठरली, आणि मला शुक्रवारपर्यंत झोप लागेना.

पाहुणीकडे पेटी असणार, तर आपल्याकडेही हवी. उल्हासनगरच्या बाजारात पप्पांच्या ओळखीचा एक सिंधी बॅगवाला होता. त्याच्याकडून एक दिवसासाठी चाकांची पेटी मागितली. तो म्हणाला, "किधर जा रही है बेटी? दुबई?"

"एअरपोर्टला. आणि तिथून परत इथंच."

त्याने आत्याकडे पाहिलं. "बहेनजी, तबीयत ठीक है ना इसकी?"

"तिची नाहीच ठीक," आत्या म्हणाली, "म्हणून तर मी सोबत चाललेय."

पेटी त्याने दिली, आणि वर चाकात तेलही घालून दिलं. रिकामी पेटी कामाची नव्हती. वजन म्हणून पप्पांच्या ट्रंकेतल्या जुन्या पत्रकांचे गठ्ठे भरले. उचलून बघितली आणि कळलं, आमच्या घराण्याने आजवर किती बोलून ठेवलंय.

शुक्रवारी सकाळी आत्याने कनवटीला एक छोटा डबा खोचला. त्यात चिंचोके. त्यांच्या पॅकिंगच्या लाइनवर मोजणीची ही रीत होती: दहा खोके भरले की एक चिंचोका डाव्या डब्यातून उजव्या डब्यात. तोंडाने गप्पा, हाताने काम, आणि हिशोब चिंचोक्यांकडे. आज खोक्यांच्या जागी पायऱ्या होत्या. दहा पायऱ्या चढल्या किंवा उतरल्या की एक चिंचोका डब्यातून पिशवीत.

जाताना आम्ही माझाच मार्ग उलटा धरला. दादरचा पूल आला. आत्या कठडा धरून चढू लागली, मी मागे पेटी ओढत. एक चिंचोका. दोन. तिसऱ्याला ती थांबली, लोक आम्हाला वळसा घालून जाऊ लागले. पुलावर पोचल्यावर तिने कठड्याला टेकून तिसरा चिंचोका पिशवीत टाकला. मग उतरणं, आणि उतरताना गुडघ्याला जास्त त्रास होतो हे मला त्या दिवशी कळलं. पार्ल्याला पुन्हा पूल. विमानतळाच्या दाराशी पोचलो तेव्हा पिशवीत अकरा चिंचोके होते आणि आत्याच्या गुडघ्यावर साडीतूनही दिसेल एवढी सूज.

"तुझा मार्ग गेला," ती म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर बसली.

खरं सांगायचं तर मी तिथंही हरखून गेले होते. काचेची दारं आपोआप उघडत होती. माणसं हातात नावांच्या पाट्या घेऊन उभी होती. दर पाच मिनिटांनी डोक्यावरून असा आवाज जात होता की छातीत थरथरायचं. मी पेटी घेऊन उगाच दाराजवळ गेले, बाई जिथून बाहेर येतील तिथून सुरुवात करायला. बंदूकवाल्या जवानाने अडवलं.

"कहाँ जाना है?"

"उल्हासनगर."

"फ्लाइट नंबर?"

"फ्लाइट नको. इथून घरी जायचंय."

त्याला ते पटेना. पेटी उघडायला लावली. आत पत्रकं. त्याने एक उचललं, उलटं धरलं, सुलटं धरलं. तो मराठी नव्हता. "इसमें क्या लिखा है?"

"पाणी मिळालं पाहिजे, असं लिहिलंय," मी म्हणाले आणि हिंदीत समजावलं. तो म्हणाला, "हमारे गाँव में भी नहीं आता," आणि स्वतःच पेटीची चेन लावून दिली.

परत बाकाकडे आले तर आत्याशेजारी विमानतळाच्या गणवेशातली सफाईवाली बसलेली. कामातून पाच मिनिटं टेकली होती. आत्याने तिला तोवर सगळं सांगून टाकलं होतं, माझ्या भाषणासकट.

"अगं, पार्ल्याला कशाला मरायला जाता?" ती मला म्हणाली. "आम्ही दहा-बारा जणी रोज घाटकोपरवरून येतो. इथून अंधेरीची बस घ्या. ईस्टला उतरा. जिथं उतराल त्याच फुटपाथवर पुढं घाटकोपरची बस लागते, रस्ता ओलांडायचा नाही. घाटकोपरला बस स्टेशनच्या तोंडाशी सोडती. समोर एक नंबर फलाट. कल्याणकडच्या धीम्या गाड्या तिथंच लागतात."

"पूल?" आत्याने विचारलं.

"कसला पूल? रस्त्यावरून सरळ फलाटावर."

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, की नकाशा घेऊन रात्रभर बसलेली मी जमिनीत गेले. विमानतळातून शहरात जायचा सगळ्यात सोपा रस्ता विमानतळ पुसणाऱ्या बायकांना ठाऊक होता. आणि मी, कष्टकऱ्यांच्या पत्रकांवर मार्ग लिहिणारी, त्यांना विचारायचंच विसरले होते.

साडेअकराला आम्ही तिथून निघालो. आता खरी तालीम. बसच्या पायऱ्या दोनच, पण पहिली गुडघ्याएवढी उंच. अंधेरीला दुसरी बस आली तशी आत्या पुढच्या दाराशी जाऊन ड्रायव्हरला म्हणाली, "साहेब, जरा फुटपाथला चिकटवून घ्या ना. गुडघे आहेत."

"मावशी, मलापण आहेत. क्लच दाबून दाबून गेलेत," तो म्हणाला, पण बस हातभर पुढे घेऊन अशी लावली की आत्याचा पाय फुटपाथवरून सहज पहिल्या पायरीवर. मी वहीत लिहिलं: ड्रायव्हरला सांगावे. ऐकतात.

घाटकोपरला खरंच पूल नव्हता. मी आनंदाने तिकिटाच्या खिडकीशी गेले आणि जन्मभराच्या सवयीने तोंडातून निघालं, "अंबरनाथ दोन."

तिकिटं हातात आल्यावर आत्या हसायला लागली. "बाईंना उल्हासनगरला उतरवायचंय ना? की आपल्याच घरी नेतेस?"

मी चिडले, पण तिकिटं काही परत होत नव्हती. दुपारची धीमी गाडी होती, समोरासमोर ऐसपैस जागा मिळाली. कळवा गेलं, मुंब्रा गेलं, खाडीचं पाणी दिसलं, आत्याने पाय समोरच्या बाकावर लांब केले. सगळं इतकं छान चाललं होतं की मला ते सांगवेना. पण कल्याण आल्यावर सांगावंच लागलं. उल्हासनगरला आपली गाडी ज्या फलाटावर लागते, तिथून हॉटेल पलीकडच्या अंगाला. पूल चढावाच लागणार.

"किती?"

"चार चिंचोके. जास्तच."

आत्याने पाय खाली घेतले. माझ्या मनात आलं, एकच तर पूल आहे, रविवारी सांगितलाच नाही तर? बाई आल्या की बघू. मनात आलं, हे मी इथे लिहून टाकते, कारण बिल्डरला नावं ठेवणाऱ्या माणसाच्याही मनात असं येतं. विठ्ठलवाडी आलं. आत्या हातातल्या तिकिटाकडे बघत होती.

"तिकीट अंबरनाथचं आहे ना?"

"हो, चुकून."

"मग बस गप. उतरू नकोस. ही गाडी अंबरनाथला संपते आणि तीच परत फिरते. परत येताना उल्हासनगरला कुठल्या फलाटावर लागेल?"

मी ओरडलेच. डब्यातल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. परत येताना पलीकडच्या! हॉटेलच्या अंगाला! उल्हासनगर आलं, आम्ही बसून राहिलो, आणि जिथं उतरायचं ते गाव खिडकीतून मागे गेलं. इतकं गंमतशीर मला आयुष्यात काही वाटलं नव्हतं.

अंबरनाथला गाडी थांबली. आत्या म्हणाली, आता बसून राहा, एका स्टेशनाचं कोण विचारतंय. पण अंबरनाथ ते उल्हासनगर आमच्याकडे तिकीट नव्हतं. फुकटची गाडी नको म्हणून हा सगळा खटाटोप, आणि फुकटच्या गाडीतूनच बाईंना आणायचं? मी धावत सुटले. खिडकीला सात-आठ जणांची रांग. मी पुढच्या माणसाला म्हणाले, काका, गाडी सुटेल, आत्या आत बसलीय. त्याने पुढच्याला सांगितलं, पुढच्याने त्याच्या पुढच्याला, आणि मी रांगेच्या तोंडाशी. तिकिटं घेऊन परत पळाले तर भोंगा वाजला होता. आत्या दारात उभी राहून अख्ख्या अंबरनाथला ऐकू जाईल अशी ओरडत होती, "पळ! पळ गं, तत्त्ववादी!"

चढले. गाडी हलली. दोघी इतक्या हसलो की आत्याला खोकला आला.

उल्हासनगरला उतरलो ते पलीकडच्या अंगाला. सपाट बाहेर, पाच मिनिटं हळूहळू चालत हॉटेल. दारात तीन पायऱ्या. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "चेक-इन?"

"नाही," आत्या म्हणाली, "फक्त पायऱ्या मोजायच्या होत्या." आणि पिशवी उघडून दाखवली. विमानतळापासून तिथवर दोन बसमध्ये चढ-उतार आणि या तीन धरून अकरा पायऱ्या. अकरा चिंचोक्यांच्या जागी एक, आणि वर एक पायरी. वेळ मात्र जवळजवळ चार तास.

रविवारी मी सगळं सांगितलं. चार तासही सांगितले, पुढे जाऊन मागे यायचंही सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. "गाडीने दोन तास," ते म्हणाले. "तू प्रामाणिक आहेस, पण दुप्पट वेळ." निम्मी बैठक माझ्या बाजूला, निम्मी गाडीच्या. शेवटी आत्याच म्हणाली, "आपण बाईंच्या गुडघ्यांवर किती दिवस मतदान घेणार? त्यांनाच विचारा ना."

नाक्यावरच्या एसटीडी बूथमधून नागपूरला फोन लावला. आत्या कान माझ्या कानाला लावून उभी. मी बाईंना दोन्ही बाजू सांगितल्या. गाडी आणि फोटो. बस, रेल्वे, अकरा पायऱ्या, चार तास.

"पायऱ्या मोजल्या, हे फार चांगलं केलं," मग त्या म्हणाल्या. "पण तू संडासाबद्दल काहीच नाही बोलून राहिली."

मी वही उघडली. संडासाची नोंद त्यात नव्हतीच.

"चार तासांचा रस्ता आहे, पोरी. मला दीड तासानं जावं लागते. तुझ्या आत्या गेल्या होत्या ना? त्यांनी काय केलं?"

मी आत्याकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"त्या दिवशी मी सकाळपासून पाणीच प्यायले नव्हते," ती म्हणाली. "बाहेर निघालं की आम्ही नाहीच पीत. कामावरपण."

घाटकोपरला मी उसाचा रस प्यायले होते, तिला विचारलं होतं, तिने नको म्हटलं होतं. मला वाटलं होतं तिला आवडत नाही.

फोनवर बाईंना ते ऐकू गेलं असावं. "गाडीवाल्याला नको म्हणून सांगा," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या रस्त्यानं येते. पण मी पाणी पिऊन येणार. कुठं जायचं ते शोधून ठेवा. आणि आत्यांना सांग, त्यांनीही प्यायचं."

पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आत्या पाण्याची मोठी बाटली घेऊन निघाली आणि अंधेरी यायच्या आत तिने ती संपवली. सगळ्या रस्त्यात आम्ही एकच गोष्ट विचारत गेलो. विमानतळावर आत कुठे आहे ते सफाईवालीने बाहेरूनच समजावलं. अंधेरीच्या बसथांब्याजवळ एका उडप्याच्या हॉटेलात, चहा घेतला नाही तरी जाऊ देतात. घाटकोपरला फलाटावरच, आणि आत पाणीही होतं. कमोड तिन्हीकडे एकेक तरी होता. पहिल्यांदा विचारताना मी आवाज बारीक केला होता. तिसऱ्यांदा आत्यानेच खणखणीत विचारलं, "बायकांचं कुठंय हो?" आणि मुंबईत कुणाचं काही बिघडलं नाही.

ते सगळं लिहून काढलं आणि पत्रकात 'येण्याचा मार्ग' एका ओळीचा असे तिथे पंधरा ओळी झाल्या. प्रेसवाला वैतागला. पप्पांनी आपला मजकूर कापून जागा करून दिली. बॅनरवर फक्त वाचनालयाचं नाव होतं.

बाई आल्या. मी आणि आत्या आणायला गेलो होतो. तिन्ही ठिकाणी थांबलो, दोघी भरपूर पाणी प्यायल्या. उल्हासनगर आलं आणि मी उठले नाही तेव्हा बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, हेच ना आपलं?"

"हेच. पण आत्ता नाही."

"म्हणजे उल्हासनगरला यायला उल्हासनगरच्या पुढं जावं लागते?" त्या म्हणाल्या, आणि आत्या हसत हसत त्यांना फलाटांचं प्रकरण समजावू लागली. दोघी मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. मी तिकिटासाठी धावायची तयारी करून दारात उभी राहिले.

त्यानंतर मी अनेक पत्रकं लिहिली आणि तुमच्या हातीही त्यातलं एखादं पडलं असेल. आज मात्र माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरी, कार्यालयात, सभेला कुणाला बोलवाल, तर गाडीशिवाय यायचा रस्ता एका कागदावर लिहा. पायऱ्या किती ते लिहा, आणि वाटेत बाईमाणसाने कुठे जायचं तेही न लाजता लिहा. ठाऊक नसेल तर या सुट्टीला घरातल्या एखाद्या वयस्कर बाईला सोबत घ्या, तिला पाणी प्यायला लावा, आणि तिच्यासोबत तो रस्ता चालून या.